क्रमांक १ ते ७९२

बेसबॉल कार्डांचा पूर्ण संच म्हणजे एका कंपनीने एका हंगामासाठी छापलेल्या प्रत्येक क्रमांकाचे एकेक कार्ड. तो दोन तऱ्हांनी मिळतो. कारखान्यातच क्रमवार लावून भरलेली पेटी विकत घेता येते. नाहीतर पाकिटे फोडत, अदलाबदल करत, सुटी कार्डे शोधत तो शून्यापासून जुळवावा लागतो. अमेरिकेतले मुरलेले संग्राहक या दुसऱ्या संचालाच खरा मान देतात. प्रस्तुत लेखकाने न्यू जर्सीत राहत असताना टॉप्स कंपनीचा १९८७ चा संच असा हाताने जुळवला. पुढील विवेचन मुख्यतः त्या अनुभवावर आधारलेले आहे.

१९८७ चाच संच निवडण्यामागे साधे कारण होते. त्या काळात कार्डे इतकी अफाट छापली गेली की न फोडलेली पाकिटे आजही सहज आणि स्वस्तात मिळतात. शिवाय हा संच देखणा आहे. छायाचित्राभोवती लाकडाच्या फळीसारखी तपकिरी किनार आहे. टॉप्सने १९६२ साली वापरलेल्या किनारीची ती आठवण. पिट्सबर्गकडून खेळणारा सडपातळ बॅरी बाँड्स यात ३२० क्रमांकावर आहे आणि मार्क मॅकग्वायर ३६६ वर. पुढे या दोघांनी होमरनचे विक्रम मोडले आणि उत्तेजक द्रव्यांच्या वादात ते अडकले, ही हकिगत कार्ड छापले तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती.

संचात ७९२ कार्डे आहेत आणि हा आकडा छापखान्यातून आलेला आहे. टॉप्सच्या एका मोठ्या तावावर १३२ कार्डे बसत. असे सहा ताव म्हणजे ७९२. प्रत्येक कार्डाला तावावर एकच जागा असल्याने प्रसिद्ध खेळाडू आणि अनोळखी खेळाडू सारख्याच संख्येने छापले गेले. संच जुळवणाऱ्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण यात मुद्दाम कमी छापलेले एकही कार्ड नाही. आणखी एक सोय आपोआप झाली आहे. नऊ कप्प्यांच्या प्लास्टिक पानांत हा संच लावला तर बरोबर ८८ पाने भरतात, एकही कप्पा रिकामा राहत नाही.

सुरुवात पाकिटांपासून होते. मेणकागदाच्या पाकिटात १७ कार्डे आणि बबलगमची एक पट्टी असे. किंमत ४० सेंट. ३६ पाकिटांची पेटी म्हणजे ६१२ कार्डे. दशकानुदशके बंद राहिलेले ते गम हात लावताच मोडते आणि त्याला चिकटून राहिलेल्या कार्डाच्या पाठीवर तेलकट डाग पडलेला असतो. पाकिटाच्या बाजूचे कार्ड मेणाने डागाळते. मेणाचा डाग नायलॉनच्या पायमोज्याने हलके घासले की निघतो. गमचा डाग मात्र निघत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत महाराष्ट्रात बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमवलेल्यांना पाकीट फोडतानाची ही धाकधूक वेगळी सांगायला नको. 'डबल आलं' हा उद्गारही तोच.

पाकिटे कुठे थांबवायची, हा या उद्योगातला खरा निर्णय. पहिल्या पेटीतून निम्म्याहून अधिक संच हाती येतो आणि आणखी एक पेटी घेतली की काम झाले, असे वाटू लागते. ते खरे नाही. प्रत्येक कार्ड निव्वळ योगायोगाने येते असे धरले, तर ७९२ चा संच फक्त पाकिटांतून पूर्ण करायला सरासरी ५,७०० च्या वर कार्डे घ्यावी लागतील. त्यांपैकी सुमारे २,३०० कार्डे निव्वळ शेवटच्या दहा क्रमांकांपायी खर्च होतील. प्रत्यक्षात एका पेटीत कार्डे बऱ्यापैकी मिसळून भरलेली असतात, त्यामुळे गणितापेक्षा थोडे कमीत भागते. पण ओढाताण तीच. प्रस्तुत लेखकाने दुसऱ्या पेटीनंतर पाकिटे बंद केली आणि नसलेल्या क्रमांकांची यादी हाती घेतली.

यादी करण्याआधी कार्डे लावावी लागतात. जेवणाच्या टेबलावर आधी शंभराशंभरांचे ढीग, मग प्रत्येक ढिगाचे दहादहांचे गट, मग क्रम. घरच्यांनी त्या संध्याकाळी सोफ्यावर बसून जेवणे हे गृहीत धरावे लागते. कार्डे पानांत भरताना नसलेल्या क्रमांकाचा कप्पा रिकामाच ठेवतात, म्हणजे उणीव डोळ्यांसमोर राहते. टॉप्सने संचातच यादीची कार्डे छापलेली आहेत. त्यांवर क्रमांकापुढे खूण करायला चौकोन असतात. पूर्वीची मुले त्यांवर पेन्सिलीने खुणा करत. आता खूण केलेले यादीचे कार्ड खराब समजले जाते, म्हणून यादी वहीत उतरवून घ्यायची.

ही यादी खिशात घालून हिंडण्याचा टप्पा सर्वांत लांब आणि सर्वांत रंगतदार असतो. रविवारचा जुना बाजार, हॉटेलांच्या सभागृहांत भरणारी कार्डांची प्रदर्शने, बंद पडत आलेली दुकाने, टपालाने अदलाबदल करणारे अनोळखी लोक: सगळीकडे एकच अनुभव येतो. तारा खेळाडू ताबडतोब मिळतात. विक्रेते त्यांना वेगळे काढतात, जाड प्लास्टिकमध्ये घालतात, किंमत चिकटवतात. यँकीजचा डॉन मॅटिंग्ली कोणत्याही टेबलावर सापडतो. त्याचा क्रमांक ५००. टॉप्समध्ये असे भरगच्च शून्यांचे क्रमांक बड्या खेळाडूंना देण्याची जुनी प्रथा आहे. सापडत नाही तो सिएटलचा राखीव कॅचर, किंवा दोन हंगाम खेळून घरी गेलेला बदली पिचर. त्याची किंमत पाच-दहा सेंट. इतक्या किमतीसाठी पाच हजार कार्डांचा खोका लावून ठेवण्याचे कष्ट कोण घेणार? त्याचे कार्ड दुर्मीळ नसते, पण ते शोधून देणारा माणूस दुर्मीळ असतो.

यावर उपाय एकच. सुट्या, सामान्य कार्डांचे क्रमवार खोके ठेवणारा एखादा जुना विक्रेता गाठायचा आणि सगळी यादी त्याच्याकडून एकदम घ्यायची. एकेक कार्ड वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवले तर टपालखर्च कार्डाच्या कित्येक पट होतो. प्रस्तुत लेखकाचे बहुतेक उरलेले क्रमांक एडिसनजवळच्या एका प्रदर्शनात अशाच एका वृद्ध विक्रेत्याकडे निघाले. यादी पाहून त्याने बॅरी बाँड्सबद्दल एक शब्द काढला नाही. उरलेल्यांत कोणत्या संघाचे किती हे मात्र बोटांवर मोजले. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल कळू लागतो तोही याच टप्प्यावर. नवख्या खेळाडूच्या कार्डाच्या पाठीवर दुय्यम लीगमधली वर्षे आणि लहान शहरांची नावे असतात. ती वाचली की या खेळाचा पाया केवढा रुंद आहे ते समजते. मॅटिंग्लीच्या पाठीवरून ते कळत नाही.

संच पूर्ण झाल्यावर दुसरे काम सुरू होते, ते म्हणजे दर्जा सुधारण्याचे. कोपरे बोथट, छायाचित्र एका बाजूला सरकलेले, गमचा डाग, अशी कार्डे काढून त्या जागी चांगली घालायची. १९८७ च्या तपकिरी कडांवर घासल्याची पांढरी रेघ लगेच दिसते, त्यामुळे इथे काम वाढते. पाने पॉलिप्रॉपिलीनची घ्यावीत. पीव्हीसीची जुनी पाने कालांतराने चिकट होऊन कार्डे खराब करतात.

'पूर्ण' कशाला म्हणायचे, हे मात्र प्रत्येक संचागणिक बदलते. बोस्टनच्या गाउडी कंपनीचा १९३३ चा संच २४० चा, पण १०६ क्रमांक छापलाच नव्हता. मुले तो शोधत पाकिटे घेत राहिली. तक्रारीची पत्रे आली, तेव्हा १९३४ मध्ये कंपनीने १९१६ नंतर निवृत्त झालेल्या नॅप लॅजोवेचे कार्ड छापले आणि पत्र लिहिणाऱ्यांना टपालाने पाठवले. कार्डांच्या इतिहासातली ही सर्वांत निलाजरी युक्ती म्हणता येईल. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेला टी २०६ संच ५२४ चा आहे. पण त्यातले होनस वॅगनरचे कार्ड आणि आणखी तीन इतकी दुष्प्राप्य आहेत की संग्राहक ५२० वरच समाधान मानतात. टी २०६ हे नाव न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या जेफरसन बर्डिकच्या सूचीतले. संधिवाताने बोटे वाकलेली असतानाही तो आपली तीन लाखांवर छापील चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासाठी वह्यांत चिकटवत बसे. जानेवारी १९६३ मध्ये काम संपले आणि मार्चमध्ये तो वारला.

टॉप्सचा १९५२ चा ४०७ कार्डांचा संच टप्प्याटप्प्याने बाजारात आला. शेवटचा ३११ ते ४०७ हा टप्पा आला तोवर मुलांचे लक्ष फुटबॉलकडे वळले होते. न खपलेला माल कंपनीच्या साय बर्गर यांनी १९६० साली समुद्रात बुडवला. याच टप्प्यातले ३११ क्रमांकाचे मिकी मँटलचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. गंमत अशी की त्या ९७ क्रमांकांत मँटल, जॅकी रॉबिन्सन आणि बॉबी थॉमसन ही तीन कार्डे इतरांच्या दुप्पट छापली गेली होती. म्हणजे मँटलचे शेजारी त्याच्याहून दुर्मीळ आहेत, आणि संच जुळवणाऱ्याला ते सगळे लागतातच.

आजच्या पाकिटांत एकाच छायाचित्राच्या अनेक रंगांच्या आवृत्त्या असतात. काही तर जगात एकच. त्या सगळ्या मिळून 'पूर्ण' संच कोणा एकाला करता येणार नाही, आणि करू म्हणणाऱ्याने फक्त मूळ क्रमांकांपुरता बेत ठेवावा. नव्याने सुरुवात करणाऱ्याने १९८७ चा संचच घ्यावा: एक पेटी, फार तर दोन, आणि नंतर यादी. तयार पेटीतला हाच संच हाताने जुळवण्यापेक्षा स्वस्त पडतो, हे आधीच माहीत असलेले बरे.