कुलूप ज्याचे, किल्ली त्याच्या खिशात

आम्ही गेली २२ वर्षे एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून आहोत. पान्याशी, ग्रीसशी आमचा संबंध नाही. पण अपघात झाला की त्याचा कागद आमच्याच टेबलावर येतो. नाव, वय, खाते, यंत्र, वेळ, कोणता अवयव, असे रकाने भरता भरता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. चालू यंत्राला कामगार जपून असतो. पुष्कळ हात सापडतात ते थांबलेल्या यंत्रात. अडकलेला माल काढायचा असतो, पट्टा बदलायचा असतो, खालचा कचरा झाडायचा असतो. कामगार आत वाकतो आणि तेवढ्यात पलीकडून कोणीतरी बटण दाबतो. दाबणारा वैरी नसतो, बरोबर बसून डबा खाणारा सोबतीच असतो. आत माणूस आहे हे त्याला दिसत नाही, एवढेच.

हे टाळण्यासाठी कारखान्यात जे शिक्षण देतात त्याला ‘लॉकआऊट-टॅगआऊट’ म्हणतात. नाव इंग्रजी असले तरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली आहे. गॅस बंद केला म्हणून कोणी बाई कुकरचे झाकण लगेच उघडत नाही. आत वाफ कोंडलेली आहे हे तिला ठाऊक असते. यंत्राचेही तसेच. बटण बंद केल्याने यंत्र थांबते, पण त्यातली शक्ती जात नाही. हवेच्या नळीत दाब उरतो. प्रेसचा वर गेलेला जड भाग स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. ताणलेली स्प्रिंग सुटते. वीज तोडली तरी कपॅसिटरमध्ये साठा राहतो आणि जड चाक काही वेळ फिरतच राहते.

म्हणून दुरुस्तीची रीत अशी शिकवतात. यंत्रावरच्या सर्वांना प्रथम सांगावे. यंत्र थांबवावे. मग मेन स्विच, हवेचा व्हॉल्व्ह, वाफेचा व्हॉल्व्ह, जिथून जिथून शक्ती येते तो प्रत्येक मार्ग बंद करून त्याला कुलूप लावावे. कुलपावर आपले नाव, तारीख आणि ‘काम चालू आहे, यंत्र सुरू करू नये’ अशी चिठ्ठी टांगावी. नुसती चिठ्ठी पुरत नाही. चिठ्ठी सांगते, कुलूप अडवते. मग उरलेला दाब सोडावा, वरचा भाग टेकू देऊन अडवावा. शेवटी सगळ्यांना बाजूला करून चालू करण्याचे बटण दाबून पाहावे आणि परत बंद करावे. यंत्र हलले नाही, तरच हात आत घालावा.

यात सर्वात मोठी गोष्ट किल्लीची. किल्ली मुकादमाकडे नाही, स्टोअरमध्ये नाही, ज्याचा हात यंत्रात आहे त्याच्याच खिशात हवी. चौघे आत असतील तर चार कुलपे लागतात आणि ज्याने त्याने आपलेच काढायचे असते. एकही कुलूप उरले तरी यंत्र सुरू होत नाही. काम अर्धवट असताना पाळी बदलली, तर येणाऱ्याने आपले कुलूप आधी लावावे, मगच जाणाऱ्याने काढावे.

पाळीबदलाची ही खबरदारी किती मोलाची आहे, ते ६ जुलै १९८८ रोजी ब्रिटनजवळच्या समुद्रात दिसले. आपल्या मुंबई हायसारखाच तिथे ‘पायपर अल्फा’ नावाचा तेल आणि वायू काढणारा तळ होता. एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा रात्रपाळीने हाच पंप सुरू केला. गळती झाली, स्फोट झाला आणि १६७ माणसे मेली. कागद होता, पण तो ज्याला कळायला हवा होता त्याला कळला नाही.

अमेरिकेच्या सरकारने १९८९ साली या कुलपाचा स्वतंत्र नियम केला. तो पाळल्याने दरवर्षी सुमारे १२० मृत्यू आणि ५०,००० इजा टळतात, असा तिथल्या सरकारी खात्याचा अंदाज आहे.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने सांगितले की, चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करावेच लागले तर ते खास शिकलेल्या माणसानेच करावे. भोपाळनंतर १९८७ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि सुरक्षेची माहिती व शिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिला गेला. आणि कामगार कोण? ठेकेदारामार्फत लावलेला माणूसही कामगारच, असे त्याच कायद्याच्या व्याख्येत होते. २०२० साली संसदेने या विषयाची नवी संहिता मंजूर केली. कायद्याची नावे बदलतात, पण शिक्षण शेवटच्या माणसापर्यंत पोचले का, हा प्रश्न तसाच राहतो.

आमच्या कारखान्यात ते कँटीनच्या वरच्या हॉलमध्ये होते. पंखे, चहा, पडद्यावर इंग्रजी अक्षरे. समोर बसतात ते पर्मनंट कामगार. आणि त्याच वेळी खाली यंत्राच्या पोटात शिरून साफसफाई करत असतात ते ठेकेदाराचे हेल्पर. त्यांतले बरेच आपल्याच वस्त्यांमधले. चार वर्षांपूर्वी अशाच एका मुलाची दोन बोटे गेली. त्याची आई हातात ईएसआयचा कागद घेऊन आमच्या खिडकीपाशी उभी होती. “साहेब, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं का हो?” एवढेच तिने विचारले.

आम्ही तोच प्रश्न वर नेला. उत्तर मिळाले, “ठेकेदाराची माणसं रोज बदलतात. किती जणांना शिकवायचं?” आम्ही म्हणालो, “माणसं बदलतात साहेब, पण यंत्र तेच आहे.” युनियनच्या दोघांनी साथ दिली. पुष्कळ हेलपाटे झाल्यावर आता ठेकेदाराच्या माणसाला पहिल्या दिवशी तासभर शिकवतात, मराठीत आणि हिंदीत. कुलपे मात्र अजून सर्वांना मिळालेली नाहीत.

वस्तीतही आम्ही रविवारी समाजमंदिरात वर्ग घेतो. ओळखीचा एक इलेक्ट्रिशियन जुना स्विचबोर्ड आणि कुलपे आणतो. मुले हाताने लावून बघतात. एकदा मागे बसलेले एक मामा उठले आणि म्हणाले, “जयभीम भाऊ, सगळं पटलं. पण कुलूप मागितलं की मुकादम म्हणतो, उद्यापासनं येऊ नको. मग घरी काय खायचं?” सभा गप्प झाली. हा प्रश्न खोटा नाही, आणि त्याला गोड उत्तर देणे म्हणजे मामांना फसवणे.

आम्ही सांगितले ते असे. एकट्याने मागू नका, पाच जणांनी मिळून मागा. तोंडी मागू नका, कागदावर मागा आणि त्याची प्रत ठेवा. प्रत्येक इजेची नोंद करायला लावा, कारण नोंद नसलेला अपघात सरकारदरबारी झालेलाच नसतो. युनियन असेल तर तिला सांगा. तरीही भागले नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते. तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवावे, असे १९८७ च्या दुरुस्तीनेच सांगितले होते. यातून मामांची भीती पूर्ण जाणार नाही. पण पाच जणांना एकदम काढणे मुकादमाला जड जाते.

माताभगिनींना आमचे एक सांगणे आहे. मुलगा किंवा मालक नव्या कामावर लागला की आपण पगार विचारतो, सुट्टी विचारतो. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा. यंत्र साफ करताना ते कुलूपबंद असते का? किल्ली कोणाकडे असते? आणि हे तुला कोणी शिकवले? उत्तर आले नाही, तर रविवारी त्याला घेऊन समाजमंदिरात या. वर्ग सकाळी दहाला सुरू होतो.