मागील पानावरून पुढे

पुणे, २३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,


परवा फोनवर तुझ्या आवाजात काळजी होती. चौदा वर्षांचा हिशेब ज्या लॅपटॉपमध्ये आहे तो थकलाय, नवा येऊन टेबलावर पडलाय, आणि दुकानातला मुलगा म्हणतोय, "काकू, डेटा टाकून देतो की, अर्ध्या तासाचं काम." त्याला तू हात लावू दिला नाहीस, फार बरं केलंस. मुलगा प्रामाणिकच असणार. पण त्याच्या लेखी डेटा म्हणजे एक फाइल. तुझ्या लेखी त्यात आतोबांनी घेतलेला एकेक शेअर आहे, घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता आहे, दवाखान्याची दोन वर्षं आहेत. फोनवर सगळं सांगून होईना, म्हणून हे सविस्तर पत्र.

आजोबांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या तुला आठवत असतील. पान भरलं की खाली बेरीज आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून पुढे'. पाडव्याला नवी वही निघायची, तिची पहिली ओळ जुन्या वहीतली शिल्लक असायची, आणि जुनी वही माळ्यावर जायची. कुणाशी देण्याघेण्यावरून वाद झाला की शिडी लावून तीच वही खाली यायची. म्हणजे नुसती बेरीज पुढे ओढून भागत होतं, कारण मागचं पान जागेवर होतं आणि कुणालाही वाचता येत होतं. संगणकावर हिशेब हलवताना नेमकी हीच गोष्ट निसटते. शिल्लक पुढे जाते, मागचं पान जातं.

बाबांच्या एका मित्राचं असंच झालं. त्यांनी २००९ साली इन्फोसिसचे ५० शेअर घेतले होते. कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये एकास एक बोनस दिला, जून २०१५ मध्ये पुन्हा दिला, सप्टेंबर २०१८ मध्ये परत एकदा. पन्नासाचे शंभर, शंभराचे दोनशे, दोनशेचे चारशे. पुढे त्यांनी हिशेबाचं सॉफ्टवेअर बदललं. बदलून देणाऱ्याने सोपा रस्ता धरला: जुन्यातल्या शिल्लका नव्यात भरल्या आणि जुनं मशीन फॉरमॅट करून टाकलं. शिल्लका पैशापर्यंत जुळल्या. सगळे खूश. दोन वर्षांनी शेअर विकायची वेळ आली तेव्हा नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्या गुंतवणुकीची एकच ओळ निघाली: आरंभीची शिल्लक, ४०० शेअर.

प्राप्तिकराला ती ओळ पुरत नाही. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत हातात आलेल्या शेअरना त्या दिवशीच्या बाजारभावाचं संरक्षण आहे, तोवरचा नफा करातून सुटतो. त्यानंतर मिळालेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत मात्र शून्य धरतात. म्हणजे त्या चारशेतले दोनशे एका हिशेबाचे आणि दोनशे दुसऱ्याचे. शिवाय डिमॅट खात्यातून विकताना जे आधी आले ते आधी गेले, असं मानतात. आकडा बरोबर होता, तारखा नव्हत्या. ब्रोकरच्या जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटा लोखंडी ट्रंकेत सापडल्या म्हणून निभावलं, तरी तीन रविवार त्यात गेले. डेट फंडाचंही तसंच आहे. युनिटं १ एप्रिल २०२३ च्या आधी घेतली की नंतर, यावर कर बदलतो. तुझ्याकडे दोन्ही प्रकारची आहेत. म्हणून "नवीन सुरुवात करू, फक्त आजच्या शिल्लका भरू" असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस.

आता सॉफ्टवेअर का बदलावं लागतं, हेही बघ, कारण तुझा प्रश्न "जुनं चाललंय की" असा होता. कधीकधी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीच बिघडत नाही, त्याच्या खालची जमीन सरकते. अमेरिकेत क्विकन नावाचं घरगुती हिशेबाचं सॉफ्टवेअर फार जुनं. त्याची मॅकवरची २००७ ची आवृत्ती पॉवरपीसी प्रोसेसरसाठी लिहिलेली होती. ॲपलने इंटेलचे प्रोसेसर घेतल्यावर जुनी सॉफ्टवेअरं चालवायला 'रोझेटा' नावाचा एक दुभाष्या दिला. जुलै २०११ मध्ये आलेल्या 'लायन' या मॅकच्या आवृत्तीतून तो काढून टाकला. क्विकनमधलं एक अक्षर बदललं नव्हतं, फायली डिस्कवर धडधाकट होत्या, पण उघडणारं कुणी उरलं नाही. लायनवर चालणारी प्रत यायला मार्च २०१२ उजाडला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. कागद टिकलाय, वाचणारी माणसं मोजकी. आपल्या घरातल्या मोडी चिठ्ठ्यांचंही तेच झालं, ते तू पाहिलंयस. तुझ्या लॅपटॉपवरच्या विंडोज १० चा सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. आज सगळं चालतंय, म्हणूनच हलवाहलव आज करायची. बंद पडल्यावर नाही.

मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं हिशेबाचं सॉफ्टवेअर 'मनी' १९९१ पासून होतं. जून २००९ मध्ये ते बंद करत असल्याचं कंपनीने सांगितलं आणि बँकेचे व्यवहार आपोआप उतरवून घेण्याची सोय ३१ जानेवारी २०११ ला संपवली. पण जाताना एक गोष्ट नीट केली: 'सनसेट' नावाची आवृत्ती फुकट दिली, तिला ॲक्टिव्हेशन लागत नव्हतं. त्यामुळे मशीन बदललं तरी जुनी फाइल उघडता येत राहिली. मिंट या ऑनलाइन हिशेबाच्या सेवेची गोष्ट याहून वेगळी. ते मुळात कुणाच्या संगणकावर नव्हतंच, सगळा हिशेब कंपनीच्या घरी. इंट्यूट या कंपनीने २००९ मध्ये ते १७ कोटी डॉलरला घेतलं आणि मार्च २०२४ मध्ये बंद केलं. लोकांनी व्यवहारांची यादी तेवढी उतरवून घेतली. तुझ्या भिशीतल्या मैत्रिणी मोबाइलवरच्या ॲपात हिशेब ठेवतात ना, त्यांनाही सांग: त्या ॲपात 'एक्स्पोर्ट' आहे का, ते आधी शोधा.

तुझं हिशेबाचं सॉफ्टवेअर, ग्नूकॅश, या बाबतीत भलं आहे. फाइल तुझ्याच डिस्कवर असते, आणि आत साधा मजकूर असतो, दाबून लहान केलेला. उद्या ग्नूकॅश जगातून नाहीसं झालं तरी जाणकाराला ती वाचता येईल.

तर रविवारी सकाळी जुन्या लॅपटॉपसमोर बस, शेजारी वही-पेन. नव्याला अजून हात लावायचा नाही. आधी 'ट्रायल बॅलन्स' काढ, तीन तारखांचा: ३१ मार्च २०१८, ३१ मार्च २०२३ आणि आजचा. तीन का? नुसती आजची शिल्लक जुळली तर मधलं काही गळालं की नाही हे कळत नाही. शेअर आणि फंडांची किंमत लिहू नकोस, संख्या लिही. किंमत भावाप्रमाणे हलते, संख्या हलत नाही. छापता आलं तर उत्तम, नाहीतर हाताने उतरव. बॅकअप सगळेच घेतात. ताळा करायला हातात काही नसतं, तिथे लोक फसतात.

मग ग्नूकॅश बंद कर आणि फोल्डर उघड. तुला एकाच नावाच्या पुष्कळ फायली दिसतील, नावात चौदा आकडे असलेल्या. त्या दर सेव्हच्या वेळी आपोआप पडलेल्या प्रती आहेत. आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. त्यांच्या भरवशावर राहू नकोस. मुळात ठरवून दिलेलं असं आहे की तीस दिवसांहून जुन्या प्रती सॉफ्टवेअर स्वतःच पुसतं. नावाच्या शेवटी एलसीके असलेली फाइल दिसली तर ते कुलूप आहे: हिशेब कुठेतरी उघडा राहिलाय किंवा मागच्या वेळी मशीन मध्येच बंद पडलं होतं. पुन्हा उघडून नीट सेव्ह करून बंद कर, कुलूप गेलं की मगच मुख्य फाइल दोन पेन ड्राइव्हवर घे. एक कपाटात, एक सूनबाईकडे.

फाइलमध्ये नसतं असंही बरंच असतं. पावत्यांचे स्कॅन तू वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेस, हिशेबाच्या फाइलमध्ये ते नाहीत. ते फोल्डर वेगळं उचलायचं. रिपोर्टच्या तू बसवलेल्या मांडण्याही फाइलबाहेर राहतात. त्या पुन्हा बसवता येतील, त्याची चिंता नको.

तुझी आवृत्ती २.४, आताची ५. उडी मोठी आहे. जुन्या आवृत्त्या अजून उतरवून घेता येतात, तेव्हा मध्ये २.६ टाकून त्यात एकदा उघडून सेव्ह करावं आणि मग पुढे जावं, हे जास्त सुरक्षित. मात्र नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडेलच असं नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याला प्रतच उघडायची, मूळ कधीही नाही. नव्यात उघडल्यावर मेन्यूतून 'चेक अँड रिपेअर' चालव आणि खात्यांच्या यादीत 'इम्बॅलन्स-आयएनआर' असं खातं उगवलंय का ते बघ. नोंदीची एक बाजू हरवली की ग्नूकॅश उरलेली रक्कम तिथे नेऊन टाकतं. आधी नव्हतं आणि आता आलं असेल तर तिथेच थांब. नसेल तर तीन कागद घे आणि एकेक आकडा टिक कर.

एक धोका मराठीचा म्हणून वेगळा सांगते. वर्षातून एकदा तू सगळ्या नोंदी सीएसव्हीत काढून ठेवाव्यात, ते माळ्यावरच्या वहीसारखं. पण ती फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडलीस तर 'किराणा', 'दूधवाले' याच्या जागी टोपीवाल्या परक्या अक्षरांची रांग दिसू शकते, आणि ४ मेची नोंद ५ एप्रिलला जाऊन बसू शकते. घाबरू नकोस आणि मुख्य म्हणजे तिथे सेव्ह करू नकोस. फाइल शाबूत आहे, एक्सेलने चुकीची वाचली. डेटा मेन्यूतून 'टेक्स्ट/सीएसव्ही' निवडून यूटीएफ-८ सांगितलं की मराठी नीट येतं.

जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये देऊ नकोस. निदान येत्या ३१ मार्चपर्यंत, वर्षाचा हिशेब नव्यावर पुरा होईस्तोवर, वायफाय बंद करून तसाच ठेव.

सगळं जुळल्यावर २०१३ च्या पाडव्याची नोंद उघड. पाटल्या, आणि खालच्या टिपेत आतोबांनी लिहिलेलं: "हिला आज सांगायचं नाही." ते तू दीड महिन्याने हिशेब तपासताना वाचलं होतंस. टिपेसकट आली आहे का, ते मला कळव. रविवारी दहाच्या सुमारास फोन करते, ट्रायल बॅलन्स तोवर काढून ठेव.

तुझी,
भाची