जवारी कोणाची?

आमच्या घरी वडिलांच्या वेळचा एक अ‍ॅम्प्लिफायर आहे. १९८० च्या दशकात त्यांनी तो हप्त्याने घेतला. विलंबित ख्यालाच्या आरंभीचा तंबोरा त्यावर जसा वाजतो तसा अन्यत्र वाजत नाही, असे ते म्हणत. त्यांच्यामागे आम्हीही म्हणत आलो. आमची विशेषणेही ठरलेली होती : जुन्याचा आवाज ‘खुला’ आणि ‘जिवंत’, नव्या यंत्रांचा ‘कोरडा’. काव्यातील नादगुणाविषयी वर्गात बोलताना हे उदाहरण आम्ही अनेकदा दिले आहे. ते आता मागे घ्यावे लागत आहे, म्हणून हे टिपण.

गतवर्षी नवा अ‍ॅम्प्लिफायर घरी आला आणि आम्ही तोच निकाल पुन्हा दिला. त्यावर पदार्थविज्ञान शिकवणारे आमचे एक सहकारी म्हणाले, “सर, तुम्ही रिचर्ड्स शिकवता ना? मग यंत्राचे नाव झाकून सांगा.” आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे न देता कविता ठेवल्या आणि त्यांच्या अभिप्रायांवरून ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) सिद्ध केले. त्या विद्यार्थ्यांच्या फजितीवर आम्ही दरवर्षी वर्गाला हसवतो. स्वतःवर तो प्रसंग कधी आला नव्हता.

सहकाऱ्यांनी प्रथम दोन्ही यंत्रांचा आवाज समान केला. किंचित मोठा आवाज कानाला ‘मोठा’ न वाटता ‘सरस’ वाटतो. म्हणून स्पीकरच्या टोकांशी व्होल्टेज मोजून फरक एक दशांश डेसिबलच्या, म्हणजे सुमारे एक टक्क्याच्या आत आणला. मग पडदा लावला. नाणे उडवून ते यंत्र निवडत आणि आम्ही पलीकडून नाव सांगत असू. रंगात आलेली द्रुत बंदिश, नेहमीचा भरघोस आवाज, सोळा खेपा. बारा वा अधिक उत्तरे बरोबर आली तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता शेकडा चाराच्या आत राहते. आमची नऊ बरोबर आली. अशी नऊ उत्तरे नाण्यानेही दिली असती.

आम्ही हट्टाने म्हणालो, “तंबोरा लावा, तोही अगदी मंद.” पुन्हा सोळा खेपा झाल्या आणि पंधरा उत्तरे बरोबर निघाली. आमचा विजय झाला असे वाटले. तो आनंद चार दिवस टिकला.

चार दिवसांनी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर कारण दिसले. अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर वाहतो, खालचा दुसरा. हे हस्तांतर शून्यापाशी होते. ते बेमालूम व्हावे म्हणून दोघांतूनही स्वस्थ स्थितीत थोडा विद्युतप्रवाह सतत वाहता ठेवतात. आमच्या यंत्रातला तो प्रवाह ठरवणारा प्रीसेट जुना होऊन बिघडला होता आणि प्रवाह जवळजवळ आटला होता. खांदा बदलताना पालखी हिंदकळावी तशी प्रत्येक लहर शून्यापाशी हिंदकळत होती. आवाज मोठा असताना हा हिसका एकूण लहरीच्या मानाने नगण्य राहतो. मंद आवाजात तोच लहरीचा मोठा हिस्सा होऊन बसतो. यंत्राच्या माहितीपत्रकात पूर्ण शक्तीवरील विकृती एक दशांश टक्का छापली आहे. आकडा खोटा नव्हता, पण मंद तंबोऱ्याविषयी तो काही सांगतच नव्हता.

शिवाय टक्का सर्व विकृतींना एकाच मापाने मोजतो. मूळ स्वराचा दुसरा उपस्वर म्हणजे त्याचा वरच्या सप्तकातला षड्ज. तिसरा पंचमाशी जुळतो, पाचवा गंधाराशी. हे अल्प प्रमाणात वाढले तर कान सहसा तक्रार करत नाही. सातवा मात्र कोणत्याच निषादाशी नीट जुळत नाही आणि त्यावरचे कित्येक आणखी खरखरीत होत जातात. म्हणूनच बीबीसीचे अभियंते शॉर्टर यांनी १९५० साली सुचवले होते की वरच्या उपस्वरांना मोजमापात अधिक वजन द्यावे. हस्तांतराच्या हिसक्यातून नेमके हेच वरचे उपस्वर निपजतात.

आता आमची खरी अडचण. तंबोऱ्याची जवारी म्हणजेही वरच्या उपस्वरांची दाटी. घोडीचा पसरट माथा आणि तारेखालचे सूत यांमुळे ते उपस्वर उजळतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्येच या नवलाविषयी लिहिले होते. आमच्या यंत्राने त्या जवारीत स्वतःची भर घातली होती. ज्याला आम्ही ‘खुला’ म्हणत होतो, त्यातला काही भाग तंबोरा लावणाऱ्याचा नव्हता, एका निकामी सुट्या भागाचा होता. कानाने फरक अचूक टिपला. त्याला नाव देताना आम्ही चुकलो. कवितेवर लिहिताना असे किती वेळा घडले असेल, हे तपासायला आमच्याकडे ऑसिलोस्कोप नाही.

दुरुस्तीचे काम तासाभराचे होते, तरी आम्ही महिनाभर टाळाटाळ केली. वडील गेले त्याला अकरा वर्षे झाली. त्यांचा आवाज पुसून टाकतो आहोत असे वाटत होते. सहकारीच एकदा म्हणाले, “सर, यंत्र घेतले तेव्हा हा दोष नसणारच. वडिलांनी पहिल्यांदा ऐकला तो तंबोरा वेगळाच असेल.” हे आम्हांला सुचले नव्हते. दोष केव्हा शिरला आणि ‘इथल्यासारखा कुठे नाही’ हे वडील कोणत्या तंबोऱ्याविषयी म्हणत होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

प्रीसेट बदलून घेतला. त्या रात्री तीच ध्वनिमुद्रिका, तेवढ्याच मंद आवाजात लावली. तंबोरा पूर्वीपेक्षा निवांत वाटला, थोडा अपरिचितही. दोन तारांमधली शांतता प्रथमच ऐकू आली. आम्हांला तो अजून पुरता आवडलेला नाही. रोज ऐकतो आहोत.