कट्टी आणि बट्टी

लहान मूल आणि मांजर एका घरात असलं, की त्यांची मैत्री होणार आणि भांडणही होणार, हे धरूनच चालायचं. प्रश्न असतो तो भांडणानंतर आपण मोठ्यांनी काय करायचं, याचा.

आमची धाकटी सहा वर्षांची, मनी दीड वर्षाची. दोघींचं गूळपीठ इतकं, की शाळेची रिक्षा फाटकाशी थांबली की मनी उंबऱ्यावर हजर! पण एका रविवारी बाईसाहेबांनी मनीला बाहुलीचा परकर नेसवायला घेतला. मनीने कान मागे पाडले, शेपटी सपासप आपटली. कुत्र्याची शेपूट हलली तर बहुधा तो खुशीत असतो; मांजराने अशी आपटली तर समजावं, आता पुरे. धाकटीला मात्र तो खेळच वाटला. तिने शेपटी धरून ओढली आणि मनीने ओरबाडलं. मनगटावर तीन लाल रेघा आणि घरभर भोकाड!

हात साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या नळाखाली धुतला आणि तडक डॉक्टरांकडे गेलो. तुम्हीही एवढं लक्षात ठेवा. मांजराकडूनही रेबीज होऊ शकतो. घरचंच तर आहे, म्हणून हळद दाबून बसू नका. मनीला लस टोचलेली होती, तरी पुढचं डॉक्टरांनाच ठरवू दिलं.

घरी येतो तो सासूबाईंचा निकाल तयार. "पोत्यात घाला नि मंडईत सोडून या. आज हात, उद्या डोळा!" नातीच्या काळजीपोटीच बोलत होत्या त्या. धाकटी मुसमुसत म्हणाली, "आजी, आधी मी शेपटी ओढली." सासूबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बरं, आठ दिवस बघते."

आता मनी कपाटावर जाऊन बसली, ती खाली येईना. धाकटीचं दिवसातून दहा वेळा 'सॉरी' चाललेलं. पण मांजराला 'सॉरी' कुठलं कळायला? त्याला कळतं ते वागणं. त्याला मारलं, कोंडलं, तरी शिक्षा कशाची ते उमगत नाही, नुसती आपली भीती बसते. म्हणून धाकटीला सांगितलं, मागे धावायचं नाही, उचलायचं नाही, टक लावून पाहायचं नाही. जमिनीवर शांत बसायचं आणि तिच्याकडे बघत डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली हेच दाखवून दिलं. माणसाने असे डोळे मिटले, तर मांजरंही तसंच उत्तर देतात आणि अनोळखी माणसाच्याही जवळ यायला अधिक तयार होतात.

तीन दिवस पोर रोज तशी बसली. चौथ्या दिवशी मनी उतरली आणि तिच्या गुडघ्याला डोकं घासून गेली. धाकटीने हात पुढे केला, पण धरलं नाही. "आई, तिने बट्टी केली!" ती कुजबुजली. त्या रात्री काटे काढलेला माशाचा तुकडा मनीच्या बशीत कोणी ठेवला, ते मी विचारलं नाही. सासूबाईही बोलल्या नाहीत.

तुमच्याकडे असं काही झालं, तर जखमेकडे आधी बघा आणि निकालाची घाई करू नका. माफी मागितली की लगेच मिळालीच पाहिजे, असं मुलांना वाटतं. समोरच्याला वेळ द्यावा लागतो, हे त्यांना उपदेशाने पटत नाही. घरातलं मांजर मात्र ते बरोबर शिकवतं.