एक शब्द, दोन कंठ

१९६५ साली ओटिस रेडिंगने ‘रिस्पेक्ट’ हे गाणे लिहिले आणि गायले, तेव्हा त्यात राबून घरी परतणारा पुरुष आपल्या स्त्रीकडे मान मागत होता. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी अरीथा फ्रँकलिनने न्यूयॉर्कमध्ये तेच गाणे ध्वनिमुद्रित केले. साथीला तिच्या बहिणी होत्या. आता मान मागणारी स्त्री होती, आणि ती तो शब्द एकेक अक्षर सुटे करून ऐकवीत होती. समोरच्याला तो कधी शिकवलाच नसावा, अशा थाटात. जूनमध्ये गाणे अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिले आले. कृष्णवर्णीयांच्या आणि स्त्रियांच्या चळवळींनी ते आपले मानले. एका मुलीने आपले गाणे पळवले, असे त्याच महिन्यात खुद्द ओटिस भर मैफलीत थट्टेने म्हणाला. डिसेंबरात तो विमान अपघातात गेला.

अमेरिकेतील गुलामगिरीशी आपल्या समाजाचे दुखणे ताडून पाहणे महाराष्ट्राला नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ सालचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तेथील गुलामांना मुक्त करणाऱ्यांनाच अर्पण केला होता. आणि कंठ बदलला की शब्द कसा उलटतो, हे पाहायला तर चांद्याच्या जंगलपट्ट्यासारखी जागा नाही.

‘जोहार मायबाप’ म्हणत महाराला सवर्णापुढे वाकावे लागे. हा नमस्कार नव्हे, रोज भरावा लागणारा करच. विदर्भातल्याच कामठीच्या बाबू हरदासांनी त्याऐवजी ‘जय भीम’ रुजवले आणि १९३९ साली ते ऐन पस्तिशीत वारले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. आंबेडकरांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. तो जोहार त्या वस्त्यांतून गेला. त्या वस्त्यांची गाणी कोणत्याही लोकप्रियतेच्या यादीत मोजली गेली नाहीत. ती जयंतीच्या मंचांवरून आणि स्वस्त पुस्तिकांतून गावोगाव फिरली.

मात्र शब्द मेला नाही. १९८२ साली चांद्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तिथे गोंड माणूस आजही दुसऱ्याला भेटताच ‘सेवा जोहार’ म्हणतो, आणि म्हणताना वाकत नाही. त्याचा जोहार आपल्या माणसाला आणि आपल्या दैवतांना आहे. वैनगंगेच्या एका काठावर जो शब्द टाकून दिल्यावर मान ताठ झाली, तोच दुसऱ्या काठावर ताठ मानेने उच्चारला जातो.