धामापूर : विश्वासावर राखलेली ठेव

मालवण म्हटले की समुद्र, सिंधुदुर्ग किल्ला आणि तारकर्लीची वाळू एवढीच चित्रे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभी राहतात. कोकण रेल्वेने कुडाळला उतरून मालवणची वाट धरणारी कुटुंबे नेरूरपारच्या पुलावरून कर्ली नदी ओलांडतात आणि पुढे येणारे धामापूर गाव मोटारीच्या खिडकीतूनच मागे टाकतात. समुद्र गाठण्याची घाई असते. तरीही या गावी जो तासभर थांबतो, त्यास समुद्राकाठी न मिळणारी एक गोष्ट लाभते. ती म्हणजे माणसांनी अडवलेले, माणसांनीच जपलेले आणि जवळजवळ पाच शतके गावाच्या उपयोगी पडलेले गोडे पाणी.

धामापूरचा तलाव डोंगरांच्या कुशीत आहे. काठावर भगवती देवीचे मंदिर असून तेथून पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. भोवती आंबा, फणस, माड आणि पोफळी यांची दाटी आहे. सकाळच्या वेळी झाडांची हिरवी छाया पाण्यावर अशी पसरलेली असते की काठ कोठे संपला आणि पाणी कोठे सुरू झाले, हे क्षणभर उमजत नाही. एखादा खंड्या पाण्यावर झेपावतो, वरून धनेशाच्या पंखांचा जड आवाज जातो आणि पुन्हा सारे शांत होते. देवळात घंटा वाजली तरी ती शांतता मोडत नाही.

हा तलाव इ. स. १५३० चा मानला जातो. विजयनगर साम्राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या श्रमातून तो बांधून घेतला, असे सांगितले जाते. त्या काळाचा अंदाज यावा म्हणून दोन-तीन सन ध्यानात घ्यावेत. पोर्तुगिजांनी गोवा जिंकला तो १५१० मध्ये, आणि दिल्लीचा बादशहा बाबर मरण पावला तो १५३० मध्येच. मालवणच्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी सिंधुदुर्गाचा पाया घातला तो १६६४ साली. म्हणजे ज्या किल्ल्यासाठी लोक दुरून येतात, त्याहून हा तलाव १३४ वर्षांनी वडील आहे.

कोकणासारख्या धो-धो पावसाच्या मुलखात तलाव कशाला हवा, असा प्रश्न घाटावरच्या माणसास सहज पडेल. त्याचे उत्तर कोकणच्या जमिनीत आहे. येथील जांभा दगड सच्छिद्र आणि उतार तीव्र. आषाढ-श्रावणात कोसळलेले पाणी काही तासांत ओहोळांतून खाडीला आणि खाडीतून समुद्राला मिळते. मग चैत्र-वैशाखात त्याच गावांतील विहिरींचे तळ दिसू लागतात. पाऊस अमाप, पण शिल्लक काहीच नाही. ज्या दुकानात गल्ला रोज भरतो आणि संध्याकाळी रिता होतो, त्यातलाच हा प्रकार. धामापूरच्या जुन्या जाणत्यांनी डोंगरांमधील वाट मातीच्या बांधाने अडवली आणि वाहून जाणारे पाणी शिलकेत टाकले. त्या शिलकेवर खालच्या अंगास वायंगणी भाताचे मळे पिकले आणि माडापोफळींच्या बागा उभ्या राहिल्या. पुढे मालवण शहराच्या नळांनाही याच पाण्याचा आधार झाला.

विजयनगरच्या राज्यात तलाव बांधणे हे एक शास्त्रच होते. आंध्र प्रदेशातील पोरुमामिल्ला येथे १३६९ सालचा एक शिलालेख आहे. उत्तम तलावास लागणारी बारा साधने आणि टाळावयाचे सहा दोष त्यात नोंदवलेले आहेत. तळाशी घट्ट माती असावी, डोंगराच्या दोन बाजूंमध्ये फार लांब नसलेला पण भक्कम बांध असावा, पात्र विस्तीर्ण व खोल असावे, जवळ कुशल कामकऱ्यांचा संच असावा, ही त्यांतील काही साधने. बांधातून पाणी झिरपणे, जमीन खारट असणे, पाणी थोडे आणि भिजवावयाची जमीन फार असणे, हे दोष. धामापूरच्या बांधावर उभे राहून भोवती पाहिले, तर त्या यादीतील अनेक गोष्टी डोळ्यांनी पडताळून पाहता येतात. शिलालेख दूर राहिला, पण ज्ञान कोकणातही पोचलेले होते.

या शहाणपणाची दखल जगाने २०२० साली घेतली. सिंचन व जलनिस्सारण या विषयाचा आंतरराष्ट्रीय आयोग १९५० पासून दिल्लीत काम करतो. शंभर वर्षांहून जुन्या सिंचन वास्तूंना तो जागतिक वारशाचा बहुमान देतो. त्या वर्षी भारतातील चार वास्तू निवडल्या गेल्या. तीन आंध्र प्रदेशातील होत्या, त्यांत उपरोक्त पोरुमामिल्लाचा तलावही होता. आणि चौथा महाराष्ट्रातील धामापूरचा तलाव.

परंतु गावच्या माणसास विचारले, तर तो बहुमानाआधी एक आख्यायिका सांगेल. पूर्वी कोणा गरिबाघरी लग्नकार्य निघाले आणि अंगावर घालण्यास दागिने नसले, की घरची माणसे भगवतीस गाऱ्हाणे घालीत. हवे असतील त्या दागिन्यांच्या आकाराची फुलांची आभूषणे परडीत रचून ती परडी तलावात सोडीत. परडी पाण्यात जाई आणि सोन्याचे दागिने घेऊन वर येई. अट एकच होती. कार्य पार पडले की दागिने जसेच्या तसे परत करावयाचे. कैक घरांच्या मुली अशा सन्मानाने बोहल्यावर चढल्या. मग एकास मोह झाला. त्याने दागिने परत केलेच नाहीत. त्या दिवसापासून परडी वर येणे थांबले, ते कायमचे.

व्यापारी घरांतील वाचकांस या कथेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. येथे ना दस्त होता, ना साक्षीदार, ना व्याज. होती ती केवळ पत. बुडवले एकाने, आणि दार बंद झाले साऱ्या गावास. देणाऱ्याचे भांडार रिते झाले नव्हते, घेणाऱ्यावरचा विश्वास संपला होता. बाजारपेठेत एका पेढीने शब्द मोडला की शेजारच्या दहा प्रामाणिक पेढ्यांकडेही लोक संशयाने पाहू लागतात, हा अनुभव नवा नाही.

सोन्याची परडी थांबली, तरी पाण्याची परडी अद्याप वर येते आहे. दर पावसाळ्यात तलाव भरतो आणि काहीही न लिहून घेता वर्षभर देत राहतो. त्याचीही अट तीच आहे : घेतले ते नासवू नये. आज ही अट पाळणे सोपे राहिलेले नाही. भोवतीच्या डोंगरावरील झाडे गेली तर माती वाहून तळाशी गाळ साचतो. पर्यटनाच्या ओघात प्लास्टिक येते. सुशोभनाच्या नावाखाली काठावर झालेल्या सिमेंटच्या बांधकामाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. पाणथळ जागेचे सौंदर्य तिच्या मऊ, चिखलट काठातच असते. मासे, बेडूक, पक्षी आणि असंख्य सूक्ष्म जीव तेथेच आसरा घेतात. तो काठ सिमेंटखाली गेला की तलाव उरतो तो केवळ पाण्याचे टाके म्हणून. गावातील जागरूक माणसे हे सांगत राहिली, म्हणूनच ही ठेव अजून सुरक्षित आहे.

पावसाळा सरताना, तलाव काठोकाठ भरलेला असताना धामापूर पाहावे. मालवणहून अर्ध्या तासाची वाट आहे. शिदोरी सोबत असावी, आणि तिचे कागद परतीच्या पिशवीत असावेत. मुलांना पायरीवर बसवून परडीची गोष्ट सांगावी. ‘आता परडी सोडली तर?’ असे एखादे मूल विचारीलच. त्यास उत्तर देण्याची घाई करू नये. समोरच्या भरलेल्या पाण्याकडे बोट दाखवावे.