कांजिण्याच तर आहेत

कांजिण्यांचं नाव काढलं की प्रत्येकाकडे एक गमतीदार आठवण असते. शाळेला सुट्टी, कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ, खाजवलं म्हणून बसलेला धपाटा. माझ्याकडेही आहे. त्यामुळे दहा महिन्यांच्या कबीरच्या पोटावर पाण्याच्या थेंबासारखे पहिले चार फोड दिसले, तेव्हा आलेला प्रत्येक फोन एकाच वाक्याने सुरू झाला : “अगं, कांजिण्याच तर आहेत!”

तिसऱ्या दिवशी मी फोड मोजणं सोडलं. पापणीच्या कडेला, केसांखाली, लंगोटाच्या आत. सगळ्यांत वाईट ते तोंडातले. भुकेने तो माझ्याकडे झेपावायचा, प्यायला तोंड लावायचा आणि किंचाळून मागे व्हायचा. थोड्या वेळाने पुन्हा यायचा, पुन्हा तेच. मी दूध काढून वाटी-चमच्याने भरवायचे, त्यातलं अर्धं गालावरून ओघळायचं. इतक्या लहान मुलाला ‘खाजवू नको’ सांगायचं तरी कसं? हातांत मोजे घातले, तर तो डोकं उशीवर घासायला लागला.

डॉक्टरांनी ताप नंतर विचारला. आधी विचारलं, लंगोट किती ओले झाले? सकाळपासून एक. लगेच दाखल करून घेतलं. वेगळी खोली, सलाईन, शिरेतून ॲसायक्लोव्हिर. सुई टोचायला फोड नसलेली जागा सिस्टर बोटाने शोधत होत्या. ती अखेर पायावर सापडली.

दोन आठवड्यांपूर्वी सासूबाईंच्या कमरेवर नागीण उठली होती. ‘विळखा पुरा झाला की माणूस वाचत नाही’ असं सांगून शेजारच्या काकू त्यांना घाबरवून गेल्या होत्या. ते तर खोटंच. पण खरं काय ते डॉक्टरांनी सांगितलं. नागीण आणि कांजिण्या, दोन्हींचा विषाणू एकच. लहानपणच्या कांजिण्या बऱ्या होतात, विषाणू मात्र मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो. उतारवयात तो नागीण होऊन उठतो, आणि त्या फोडांतल्या पाण्यातून लहानग्याला कांजिण्या होऊ शकतात. आईंना कांजिण्या झाल्या त्या सातव्या वर्षी, गावी. म्हणजे साठ वर्षांपूर्वी.

आई गप्प झाल्या. हॉस्पिटलात यायच्या, पण बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. “माझ्यामुळं,” एवढंच म्हणायच्या.

रात्री कबीरचे हात धरून बसले असताना, मोकळ्या हाताने मी फोनवर मिचिआकी ताकाहाशींबद्दल वाचलं. हे जपानी विषाणूशास्त्रज्ञ 1964 साली अमेरिकेत ह्यूस्टनला काम करत होते, तेव्हा त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या. अंगभर फोड, चढता ताप, मग श्वास घ्यायला त्रास. गोवर-पोलिओच्या विषाणूंवर काम करणारा माणूस, आणि त्या रात्री त्याच्याही हातात बायकोसोबत जागत बसण्यापलीकडे काही नव्हतं. मला लशीपेक्षा याचाच जास्त आधार वाटला, खोटं कशाला बोलू!

मुलगा बरा झाला. ताकाहाशी जपानला परतले आणि कांजिण्यांच्या मागे लागले. 1974 साली त्यांची लस जगासमोर आली. तिच्यातल्या विषाणूला ‘ओका’ म्हणतात. ज्या आजारी मुलाकडून तो मिळाला, त्याचं हे आडनाव. आपल्याकडे ही लस राष्ट्रीय मोफत लसीकरणात नाही. खासगीत मिळते, पहिला डोस साधारण पंधराव्या महिन्यात. कबीर त्या वयाचा व्हायला अजून पाच महिने होते.

सहाव्या दिवशी पहाटे तो प्यायला. मधेच थांबला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा प्यायला लागला. मी हललेसुद्धा नाही.

घरी सोडताना आई पहिल्यांदा खोलीत आल्या. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “म्हणजे आता यालाही म्हातारपणी नागीण?”

“होऊ शकते. पण पन्नाशीनंतर घ्यायची तिचीही लस आहे आता.”

आई माझ्याकडे वळल्या. “त्याच्या लसीच्या कार्डावर लिहून ठेव. तेव्हा सांगायला मी नसेन.”

मी कबीरला त्यांच्या मांडीवर दिलं आणि पर्समध्ये पेन शोधायला लागले.